जलरंगासाठी सिंथेटिक ब्रश : साताऱ्यातल्या वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात जलरंगाचा वर्ग घेताना जे प्रश्न परत परत येतात, ते इथे उतरवले आहेत. विचारणाऱ्यांत एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची पोरं आहेत, त्यांचे आईवडील आहेत, एटीडी म्हणजे कलाशिक्षक पदविका करणारे आहेत आणि निवृत्तीनंतर रंगपेटी पुन्हा उघडलेले काका-काकूही आहेत. ज्यांना फक्त यादी हवी आहे त्यांनी पाचवा प्रश्न वाचावा आणि सरळ दुकान गाठावं.

१. सेबलच्या, म्हणजे प्राण्याच्या केसांच्या भारी ब्रशशिवाय जलरंग होत नाहीत असं ऐकलंय. सिंथेटिकवर खरंच भागतं का?

भागतं. वर्गात बहुतेकांच्या हातात सिंथेटिकच असतो, माझ्याही. जलरंगात सगळ्यात जास्त फरक पडतो कागदाने, मग रंगाने, आणि ब्रशची पाळी त्यानंतर येते. हजारो रुपयांचा ब्रश घेऊन पातळ कार्ट्रिज कागदावर काम करणारे लोक बघितले की हळहळ वाटते. पाणी लागलं की तो कागद फुगतो, खळग्यांत रंग साचतो, आणि बोल लागतो ब्रशला. त्याच पैशात ३०० जीएसएमचा कॉटन कागद आणि दोन-तीन बरे सिंथेटिक ब्रश येतात, वर चहापाण्याचे पैसे उरतात.

सिंथेटिक कमी पडतो तो पाणी धरण्यात आणि धरलेलं पाणी बेताबेताने सोडण्यात. कडकपणा, चपट्या ब्रशची सरळ धार, टिकाऊपणा आणि किंमत या बाबतींत तो वरचढ आहे. यातलं तुमच्या कामाला काय लागतं ते बघून ठरवायचं. ज्यांना मोठमोठी ओली आकाशं एका दमात करायची असतात त्यांना केसांचा मॉप, म्हणजे भरपूर पाणी धरणारा जाड मऊ ब्रश, हवासा वाटणारच, त्यात गैर काही नाही. वाड्याच्या खिडक्या, घाटाच्या पायऱ्या, होडीची कड असलं काम करणाऱ्याला सिंथेटिक जास्त मानवतो.

२. सिंथेटिक ब्रशात नेमकं काय असतं?

नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे बारीक तंतू. पाकिटावर ‘टॅक्लॉन’ लिहिलेलं दिसतं तेही पॉलिएस्टरचंच. सोनेरीपणा हा तंतूला दिलेला रंग आहे. सोनेरी दिला की सेबलची आठवण होते, एवढाच त्यातला हिशेब.

नायलॉन १९३५ साली अमेरिकेतल्या डुपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स यांच्या चमूने तयार केलं, आणि त्यापासून बनवून विकलेली पहिली वस्तू म्हणजे १९३८ सालचा टूथब्रश. आपल्या औंधचं श्री भवानी संग्रहालयही त्याच सालचं. तिथे राजा रविवर्म्यांची चित्रं बघायला जाल तेव्हा हे लक्षात असू द्या, की त्यांच्या हातात प्राण्यांच्या केसांचेच ब्रश होते, कारण दुसरा पर्यायच जन्माला आला नव्हता.

टूथब्रशचा तंतू बुडापासून टोकापर्यंत एकाच जाडीचा असतो. तसल्या तंतूंचा रंगाचा ब्रश बांधला तर टोक जुळणार नाही. म्हणून चांगल्या ब्रशात प्रत्येक तंतू टोकाकडे निमुळता केलेला असतो. पॉलिएस्टरच्या तंतूंची टोकं त्यासाठी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवून झिजवतात. स्वस्त ब्रशात हे काम अर्धवट असतं, मग टोक कात्रीने छाटून आकार दिलेला दिसतो. भिंग असेल तर बघा, छाटलेली टोकं बोथट दिसतात.

३. ब्रश टेकवला की पहिल्याच फटक्याला सगळं पाणी ओततो आणि मग लगेच कोरडा पडतो. माझं चुकतंय की ब्रशचं?

ब्रशचा स्वभावच तसा आहे. त्याचं कारण कळलं की इलाजही सुचतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्राण्याच्या केसावर सूक्ष्म खवले असतात. पाणी त्या खवल्यांना धरून राहतं. नायलॉनचा तंतू गुळगुळीत. त्याच्या अंगाला पाणी फारसं चिकटत नाही, ते राहतं दोन तंतूंच्या मधल्या फटींत, केशाकर्षणाच्या जोरावर. कागद टेकला की कागदाची ओढ या जोराला भारी पडते आणि फटींतलं पाणी एकदम खाली येतं.

घरी करून बघा. आठ नंबरचा साधा सिंथेटिक गोल ब्रश निळ्याने पूर्ण भरा आणि कागदाच्या डाव्या कडेपासून उजवीकडे, न थांबता, एक बोटभर रुंदीची पट्टी ओढा. पहिल्या इंचातच टपोरा थेंब उभा राहतो. पुढे थोडा वेळ पट्टी भरदार जाते. मग कडा फाटायला लागते, कागदाचे दाणे पांढरे उघडे पडतात, आणि शेवटी ब्रश नुसताच खरखरत जातो. मागे वळून बघाल तर सुरुवातीचा थेंब अजून ओलाच असतो. बाकीची पट्टी वाळत आली की तो तिच्यात उलटा घुसतो आणि फ्लॉवरसारखा दातेरी डाग पाडतो. वर्गात ज्याला सगळे ‘फुलकोबी’ म्हणतात तो हाच.

गेल्या काही वर्षांत कंपन्यांनी यावर बरंच काम केलं आहे. एकाच ब्रशात वेगवेगळ्या जाडीचे तंतू मिसळतात, काही तंतूंना नागमोडी बाक देतात, काहींचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत करतात. फटी वाढल्या की पाणी जास्त राहतं आणि सुटतंही सावकाश. प्रिन्स्टन कंपनीचा नेपच्यून किंवा डा विंची कंपनीचा कासानेओ हातात घेतलात तर साध्या सोनेरी टॅक्लॉनशी असलेला फरक पहिल्याच फटक्याला कळतो. पण हे ब्रश मऊ असतात. पाणी धरणाऱ्या मऊ ब्रशात कडकपणा कमी होतो, ही देवाणघेवाण सिंथेटिकलाही चुकलेली नाही.

४. मग अशा ब्रशने सलग वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा थर, कसा द्यायचा?

अजिंक्यताऱ्यामागचं संध्याकाळचं आकाश करायचं आहे असं धरू. लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट रंग आधी कालवून ठेवा. अर्ध्या आकाशात रंग संपला आणि नवा कालवायला घेतला की वॉश गेला म्हणून समजा. बोर्डाखाली एखादी जाड वही ठेवून उतार द्या.

ब्रश भरला की एक बाजू भांड्याच्या काठाला हलकेच टेकवून घ्या. तो पहिला टपोरा थेंब भांड्यातच गेला पाहिजे. आता वरच्या कडेला आडवा पट्टा ओढा. उतारामुळे पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाची ओली रेघ जमेल. पुढचा पट्टा त्या रेघेला स्पर्श करूनच ओढायचा, म्हणजे ती खाली सरकते. केसांच्या ब्रशने दोन-तीन पट्टे एका भरण्यात निघतात. सिंथेटिक दर पट्ट्याला भरा, ‘अजून आहे की त्यात’ असं वाटलं तरी भरा. शेवटी तळाशी उरलेली ओली रेघ ब्रश पिळून त्याच्या टोकाने शोषून घ्या.

आणि ब्रश मोठा घ्या. केसांचा आठ नंबर जे काम करतो त्याला सिंथेटिकचा दहा किंवा बारा लागतो. बहुतेक तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

एप्रिल-मेमध्ये सातारा काय किंवा सांगली काय, दुपारी कागद बघता बघता वाळतो. तेव्हा आकाशाचा भाग आधी स्वच्छ पाण्याने ओला करून घ्या, चकाकी ओसरली की मग रंग. किंवा सरळ सकाळी लवकर बसा.

५. सुरुवातीला नेमके कोणते घ्यावेत?

गोल दहा नंबर, गोल सहा नंबर आणि पाऊण इंची चपटा. एवढ्यावर वर्षभर काम चालतं. हात बसला की एक रिगर घ्या, म्हणजे लांब केसांचा बारीक ब्रश. विजेच्या तारा, गवताची पाती, शिडाची दोरी यांना तो लागतो.

बारा ब्रशांचा संच घेऊ नका. त्यातले शून्य, एक, दोन, तीन असे बारके ब्रश तुम्ही वापरणार नाही, आणि वापरलेत तर चित्र बिघडेल. नव्या माणसाला बारीक ब्रश मिळाला की तो झाडाचं एकेक पान काढत बसतो. चांगलं टोक असलेला दहा नंबर दोन नंबरची रेघ देतो. उलटं होत नाही.

६. एका कंपनीचा आठ नंबर दुसरीच्या सहाएवढा दिसतो. असं का?

नंबरांचं सर्वमान्य माप नाही. प्रत्येक कंपनीचं स्वतःचं. ऑनलाइन घेताना नंबरावर न जाता फेरूलपाशी, म्हणजे केस धरणाऱ्या नळीपाशी, जाडी आणि बाहेर आलेल्या केसांची लांबी किती मिलिमीटर आहे ते बघा. चपट्या ब्रशांचं माप बऱ्याचदा इंचात असतं, तिथे गोंधळ कमी.

७. दुकानात ब्रश पारखायचा कसा?

दुकानदाराकडे अर्धा कप पाणी मागा. नेहमीचं दुकान असेल तर देतात. नव्या ब्रशाच्या केसांना गोंदासारखी खळ लावलेली असते, त्यामुळे कोरडा असताना सगळेच ब्रश टोकदार दिसतात. खरं रूप खळ गेल्यावर दिसतं. पाण्यात बोटांनी हलके चोळून खळ काढा आणि मनगटाला एकच झटका द्या. केस आपणहून एका टोकाला आले तर ब्रश बरा. दोन शेंड्या झाल्या किंवा एखादा तंतू फटकून बाहेर उभा राहिला तर परत ठेवा.

मग ओलं टोक तळहातावर किंवा नखावर वाकवून सोडा. सरळ उभं राहिलं पाहिजे. वाकलेलं वाकलेलंच राहिलं तर तो ब्रश बारीक कामाला निरुपयोगी. पोट बघा. केसांचा मधला भाग फुगीर असेल तर पाणी राहील, नुसती सरळ काडी असेल तर नाही.

राहिली ती पत्र्याची नळी, म्हणजे फेरूल. ती दांड्यावर हलता कामा नये. तिला उभा सांधा असेल तर तिथून पाणी शिरतं आणि पुढेमागे गंज धरतो, म्हणून बिनसांध्याची बघा. दांड्याचा रंग फेरूलपाशी आत्ताच तडकला असेल तर तो ब्रश आधीच कुठेतरी ओलाव्यात पडून राहिलेला असतो.

पाणी देत नसतील तर? दुसरं दुकान बघा, किंवा एकच ब्रश घेऊन घरी तपासा आणि पटला तर बाकीचे आणा.

८. मुलगी एलिमेंटरीला बसतेय. तिला महागडे ब्रश घ्यावेत का?

नकोत. एलिमेंटरीत वस्तुचित्र आणि स्मरणचित्राला गोल ब्रश लागतो, संकल्पचित्राला चपटा. संकल्पचित्र बहुतेक मुलं पोस्टर कलरने करतात. तिथे सपाट, घट्ट रंग आणि नेटकी कड लागते, आणि त्या कामात साधा सोनेरी सिंथेटिक केसांच्या ब्रशापेक्षा सरस ठरतो. मऊ केसांचा ब्रश घट्ट पोस्टर कलर ढकलूच शकत नाही, कड थरथरते.

कॅमलिनची ६६ क्रमांकाची मालिका गोल सोनेरी सिंथेटिकची आहे आणि ६७ चपट्याची. साताऱ्यात-सांगलीत कुठल्याही बऱ्या स्टेशनरीच्या दुकानात मिळते. परीक्षेला तेवढं पुरेसं आहे. फक्त एक पाळा : परीक्षेच्या आदल्या दिवशी नवा ब्रश आणून देऊ नका. महिनाभर आधी द्या, म्हणजे तो किती पाणी धरतो हे तिच्या हाताला माहीत होईल.

९. जुने लोक मुंगसाच्या केसांच्या ब्रशची फार तारीफ करतात. अजून मिळतो का?

मिळत असेल तर घेऊ नका. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, आणि त्याच्या केसांचा व त्या केसांच्या ब्रशचा व्यापार गुन्हा आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोने ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ नावाने देशभर छापे घातले. त्यात उत्तर प्रदेशातल्या बिजनौर जिल्ह्यातलं शेरकोट होतं, जे ब्रश बनवण्याचं मोठं केंद्र आहे, आणि मुंबई-पुण्याची दुकानंही होती. हजारो ब्रश आणि पोत्यांनी केस जप्त झाले. मुंगूस काही कुणी पाळत नाही. ते रानात पकडून मारलं जातं, आणि एका प्राण्यापासून कामाचे केस मूठभरही निघत नाहीत.

ओळखायचा कसा? मुंगसाचा केस एकरंगी नसतो. टोक गडद तपकिरी, मधे फिकट बदामी पट्टा, बुडाशी पुन्हा गडद. ब्रशावर आडवे पट्टे उमटल्यासारखे दिसतात. दुकानदार ‘नेवला’ म्हणाला की समजून घ्या. नुसत्या पट्ट्यांवर मात्र जाऊ नका. हल्ली सिंथेटिक तंतूही तसे रंगवून विकतात, त्यामुळे पाकिटावर सिंथेटिक असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर सोडून द्या.

जुन्यांची तारीफ खोटी नव्हती. त्या केसाला कडकपणा होता, टोक टिकायचं, तैलरंगाचा घट्टपणाही तो पेलायचा. पण हे सगळे गुण आज चांगल्या सिंथेटिकात आहेत. ज्याच्यासाठी मुंगूस मारायचं ते काम नायलॉन करतो, तेव्हा या बाबतीत माझ्या वर्गात चर्चा नसते.

१०. आणि कोलिन्स्की? तोही बेकायदेशीर का?

तो प्रकार वेगळा. कोलिन्स्की म्हणजे सायबेरियन वीझल या प्राण्याच्या शेपटीचे केस. त्याला ‘कोलिन्स्की सेबल’ म्हणत असले तरी सेबल हा निराळा प्राणी. विन्सर अँड न्यूटनची सिरीज सेव्हन ही प्रसिद्ध मालिका १८६६ साली राणी व्हिक्टोरियासाठी बनवली गेली, तेव्हापासून हा ब्रश म्हणजे जलरंगाचं सोनं अशी ख्याती झाली.

हा प्राणी आपल्या हिमालयातही आहे, आणि भारताने त्याची नोंद साइटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात केलेली आहे. त्यामुळे देशोदेशी ने-आण करताना कागदपत्रं लागतात. २०१३ मध्ये अमेरिकेत याच कागदपत्रांवरून कोलिन्स्की ब्रशांची आयात अडली आणि तिकडच्या चित्रकारांची चांगलीच पंचाईत झाली. सिंथेटिकच्या संशोधनाला जो वेग आला त्यात अशा अडचणींचाही हात आहे असं मला वाटतं.

११. ‘सिंथेटिक सेबल’, ‘सिंथेटिक स्क्विरल’ ही काय भानगड आहे?

तंतू प्लास्टिकचेच, वागणं कुणासारखं ते सांगितलेलं आहे. सेबलसारखा म्हणजे टोकदार आणि उसळी घेणारा. स्क्विरलसारखा, म्हणजे खारीच्या केसांसारखा, तो मऊ, लोळणारा, भरपूर पाणी पिणारा. एस्कोडाचा पेर्ला कडक, टोकदार गटातला. मघाशी सांगितलेले नेपच्यून आणि कासानेओ मऊ गटातले.

मिश्र ब्रशही असतात. सिल्व्हर कंपनीचा ब्लॅक व्हेल्व्हेट खारीचे केस आणि सिंथेटिक यांचं मिश्रण आहे. शाकाहारी कारणासाठी सिंथेटिक घेणाऱ्यांनी पाकिटावरचा ‘ब्लेंड’ हा शब्द नीट वाचावा.

१२. ब्रशाचं टोक हुकासारखं वाकलंय. सरळ होईल का?

थोडंफार. केसांचा ब्रश ओला करून आकार दिला की बहुधा सुधारतो. सिंथेटिक तंतू एकदा वाकून बसला की तो बाक लक्षात ठेवतो.

तरी करून बघा. चहाइतकं नाही, पण हाताला चटका जाणवेल इतपत गरम पाणी वाटीत घ्या. फक्त केसांचा पुढचा भाग मिनिटभर बुडवा, बाहेर काढून बोटांनी टोक सरळ करा, साबणाचा थोडा फेस लावून आकार द्या आणि आडवा ठेवून वाळू द्या. उकळतं पाणी वापरू नका आणि फेरूल बुडवू नका, आतला गोंद सुटला की केस झडायला लागतात.

टोक वाकतं कशाने, तर दोनच सवयींनी. एक, ब्रश पाण्याच्या भांड्यात डोक्यावर उभा ठेवणे. दुसरी, नव्या ब्रशासोबत आलेली प्लास्टिकची नळी पुन्हा चढवणे. नळी चढवताना कडेचे तंतू हमखास उलटे दुमडतात. ती पहिल्या दिवशीच फेकून द्या.

१३. धुवायचा आणि ठेवायचा कसा?

काम झालं की वाहत्या पाण्याखाली, मग अंगाच्या साबणावर तळहाताने हलके फिरवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत. रंग साठतो तो फेरूलच्या तोंडाशी. तिथे साठून वाळला की केस फाकतात आणि टोक कायमचं जातं. म्हणून बोटांनी मुळाशी दाबून बघा, रंग निघतोय का. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचा हात पिण्याच्या पाण्याचा द्या, नाहीतर क्षार तंतूंवर बसतात. फ्थॅलो निळ्याने पांढरे तंतू निळसर राहिले तर घाबरू नका, तो डाग पुढच्या चित्रात उतरत नाही.

आडवा वाळवा. उभा ठेवला तर पाणी फेरूलमध्ये उतरतं, लाकूड फुगतं, दांड्याचा रंग पोपडे धरतो आणि काही महिन्यांनी नळी हलायला लागते.

पावसाळ्यात एक गोष्ट सिंथेटिकच्या बाजूची. महाबळेश्वर, पाचगणी, जावळी या पट्ट्यात जून ते सप्टेंबर काहीच धड वाळत नाही. केसांच्या ब्रशांना बुरशी येते, कसरही लागते. नायलॉनला कीड खात नाही. पण दांडा लाकडाचाच असतो, तेव्हा ओला ब्रश बंद डब्यात कोंबू नका.

१४. हाच ब्रश ॲक्रिलिकला वापरला तर चालेल?

चालेल, पण मग तो परत जलरंगात आणू नका. ॲक्रिलिक वाळलं की ते प्लास्टिकच होतं, मुळाशी अडकलेला कण निघत नाही. ॲक्रिलिकचे ब्रश वेगळे ठेवा, दांड्याला रंगीत दोरा गुंडाळून खूण करा. मास्किंग फ्लुइडला, म्हणजे कागद पांढरा राखायला लावतात त्या रबरी द्रवाला, तर रिटायर झालेला ब्रशच. तोही आधी साबणात बुडवून घ्यायचा, म्हणजे रबर तंतूंना धरत नाही.

१५. बाहेर स्केचिंगला जाताना काय न्यावं?

एक गोल, एक चपटा, बांबूच्या चटईची गुंडाळी, आणि हाताशी जुन्या सुती धोतराचा किंवा बनियनचा तुकडा. सिंथेटिकबरोबर हा तुकडा फार महत्त्वाचा, कारण जादा पाणी ब्रश स्वतः सांभाळत नाही, ते तुम्हाला टिपावं लागतं.

मेणवलीचा घाट किंवा माहुलीचा संगम रंगवताना चपट्या सिंथेटिकचा खरा उपयोग कळतो. पायऱ्यांच्या आडव्या कडा एकेका फटक्यात निघतात. पाण्यावरची उजेडाची रेघ आधी सोडायची राहिली, तर वाळलेल्या रंगावर ओलसर, पिळलेला चपटा ब्रश धारेवर धरून दोन-तीनदा घासा आणि लगेच सुती कापडाने टिपा. कागद बरा असेल तर फिकट रेघ उमटते. मऊ केसांच्या ब्रशाला हे जमत नाही, त्याच्यात घासायचा जोरच नसतो. अल्ट्रामरीन बऱ्यापैकी उचलला जातो. फ्थॅलो निळा कागदाला धरून बसतो, तो उचलायची आशा सोडा. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम रंगवणाऱ्या सांगलीकरांनाही हेच लागू.

पोटात पाणी भरायचा प्लास्टिकचा वॉटर ब्रशही सिंथेटिकच. एसटीच्या प्रवासात, छोट्या वहीत तो सोयीचा आहे. मोठ्या वॉशला निकामी. कासला जाणार असाल तर जरूर न्या. रंगाचं पाणी पठारावर ओतू नका, बाटलीत भरून खाली घेऊन या.

१६. सिंथेटिक ब्रश किती टिकतो?

कागदावर अवलंबून आहे. खरबरीत कागदावर रोज काम करणाऱ्याचं टोक काही महिन्यांत बोथट होतं. आठवड्यातून एकदा काढणाऱ्याचा ब्रश काही वर्षं जातो. टोक गेलं तरी ब्रश गेला असं नाही. बोथट ब्रश रंग कालवायला घ्या, म्हणजे चांगल्याचं टोक पॅलेटवर झिजणार नाही. फाकलेला असेल तर कोरड्या ब्रशाने गवत आणि झाडाची पालवी काढायला तो नव्यापेक्षा बरा. माझ्याकडे असा एक फाकलेला आठ नंबर आहे, तो मी कुणाला हात लावू देत नाही.

१७. प्लास्टिकच ना शेवटी? मग पर्यावरणाचं काय?

प्रश्न रास्त आहे. नायलॉन आणि पॉलिएस्टर मातीत कुजत नाहीत. प्राणी वाचतो आणि कचरा राहतो, असा हा व्यवहार आहे. कमी ब्रश घेणं आणि ते शेवटपर्यंत वापरणं, याहून वेगळा उपाय मला दिसत नाही.

१८. ऑनलाइन घ्यावा की दुकानातून?

पहिला ब्रश दुकानातून, हाताळून. साताऱ्यात-सांगलीत परदेशी कंपन्यांचे सगळे प्रकार मिळत नाहीत, त्यासाठी पुणे किंवा ऑनलाइन गाठावं लागतं. ऑनलाइन घेतलात तर पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी पाण्यात घालून टोक बघा. एकदा मला दोन शेंड्यांचा ब्रश आला होता, व्हिडिओ होता म्हणून विक्रेत्याने कुरकुर न करता बदलून दिला.

१९. मी डावखुरा आहे. वेगळा ब्रश लागतो का?

नाही. गोल आणि चपट्याला डावं-उजवं नसतं, आणि तिरक्या टोकाचा डॅगर उलटा धरला की काम होतं. फक्त पाणी आणि पॅलेट डाव्या हाताला मांडून घ्या, नाहीतर दर वेळी भरलेला ब्रश चित्रावरून न्यावा लागेल आणि सिंथेटिक वाटेत गळेल.